ऑपेरा नुसता कानांचा नाही

दिसत नसलेल्या सासऱ्यांना ऑपेराला न्यावं का, असं तुम्ही विचारलंत. जरूर न्या. काचबिंदूने नजर गेली असली तरी आयुष्यभर मैफली ऐकलेला माणूस लंडनला येतोय, तर ऑपेरा चुकवू नका. फक्त मिळेल त्या तारखेचं तिकीट काढू नका. ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे रंगमंचावर जे दिसतं ते कानात सांगणारं निवेदन, असलेला प्रयोग शोधा. ही सोय रोज नसते, बहुतेकदा एखाद्या ऑपेराच्या ठरावीक तारखांनाच असते.

मलाही दिसत नाही. नोकरीला लागल्यावर काही वर्षांत नजर गेली आणि ऑपेराची गोडी त्यानंतर लागली. त्यामुळे "ऑपेरा ऐकायचाच असतो, मग वेगळी सोय कशाला?" हे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. नुसतं ऐकायचं तर घरी उत्तम रेकॉर्डिंग आहेत. रंगमंचावर काय घडतंय यासाठीच तर लोक एवढे पैसे मोजून थिएटरात येतात.

पुच्चिनी या इटालियन संगीतकाराच्या 'तोस्का'चा दुसरा अंक घ्या. तोस्काच्या प्रियकराला मृत्युदंड झालाय. त्याला सोडवायचं तर तिने आपल्या स्वाधीन व्हावं, अशी पोलीसप्रमुख स्कार्पियाची अट. ती होकार देते आणि रोममधून सुटण्यासाठी परवाना मागते. तो लिहायला बसतो. गाणं थांबतं, तंतुवाद्यांवर एक संथ, जड चाल सुरू होते. तोस्का जेवणाच्या टेबलाशी जाते, वाइनचा पेला उचलते आणि तिथे ठेवलेली सुरी तिच्या नजरेस पडते. या क्षणाला संहितेत एकही शब्द नाही. डोळस प्रेक्षकाचा श्वास अडकतो आणि शेजारी बसलेल्या मला नुसती एक उदास सुरावट ऐकू येते. थोड्या वेळाने किंचाळी येते, तेव्हा मी मागे पडलेली असते. खुनानंतरही तेच: ती बोटं धुते, परवाना शोधते, तो मेलेल्याच्या मुठीत सापडतो, मग ती प्रेताच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते, छातीवर क्रूस ठेवते आणि निघून जाते. एक वाक्य सोडलं तर हे सगळं वाद्यवृंदावर चालतं.

ही पोकळी निवेदक भरतो. तो काचेआडच्या बंद खोलीत बसून रंगमंच पाहतो आणि त्याचा आवाज तुमच्या हेडसेटमध्ये येतो. नाटकासाठी ही पद्धत रूढ केली ती वॉशिंग्टनच्या मार्गारेट फॅनस्टील यांनी, पुढे त्यांचे पती झालेल्या कोडी यांच्यासह, 1981 साली अरीना स्टेज या थिएटरात. त्यांना स्वतःलाही नीट दिसत नव्हतं, हे मला फार मोलाचं वाटतं. ब्रिटनमध्ये 1998 पासून व्होकलआइज ही संस्था थिएटरांसाठी हे काम करते.

पण ऑपेराचं निवेदन नाटकापेक्षा कितीतरी अवघड. आपल्या संगीत नाटकात पदं सोडली की गद्य असतं, गद्यात थांबे असतात, तिथे सांगणाऱ्याला जागा मिळते. 'तोस्का'सारख्या ऑपेरात संगीत अंकभर थांबतच नाही, आणि ज्या संगीतासाठी मी आले त्यावरच कुणी बोलत राहिलं तर मी हेडसेट काढून ठेवते. म्हणून चांगला निवेदक स्वरलिपी समोर घेऊन बसतो. कुठे नुसती वाद्यं आहेत, कुठे गायक तीच ओळ पुन्हा पुन्हा घोळवतोय, हे त्याने आधीच हेरलेलं असतं. रंगीत तालीम पाहून तो मजकूर लिहितो, पण बोलतो प्रयोग चालू असतानाच. आज संगीतसंचालकाने लय थोडी ओढली तर आधी रेकॉर्ड केलेलं वाक्य नेमकं चुकीच्या सुरावर येऊन पडेल.

माझी कसोटी सांगते. 'ती दुःखी आहे' असं मला सांगू नये, ते वाद्यवृंद सांगतोच. 'तिने हात मागे लपवला' हे सांगावं. सुरी तोस्काला दिसेल तेव्हाच मला कळावी, आधी नाही. विनोदाचं मात्र उलट. मोझार्टच्या 'फिगारो'त पहिल्या अंकात केरुबिनो हा पोरगेला हुजऱ्या खुर्चीमागे लपतो, तेवढ्यात सरदारही तिथेच लपायला येतो, आणि पोरगा पुढून खुर्चीत उडी मारून कपड्याखाली दडतो. हे सभागृह हसायच्या आत माझ्या कानात पोचलं पाहिजे, नाहीतर हजार माणसं हसतात आणि मी विचारत बसते की काय झालं. आणि शेवटचा सूर विरेपर्यंत एक अक्षरही नको!

रंग सांगावेत का, यावर नेहमी वाद होतो. माझं ठाम मत, सांगावेत. मला आठवतात, आणि ज्यांनी कधी पाहिले नाहीत त्यांनाही लाल कशाचा आणि काळा कशाचा हे ठाऊक असतं.

भाषेचा प्रश्न वेगळाच. रंगमंचावर भाषांतराच्या ओळी झळकवण्याची पद्धत 1983 साली टोरंटोत सुरू झाली आणि आता ती जवळपास सगळीकडे आहे. त्या ओळी मला किंवा सासऱ्यांना वाचता येत नाहीत. काही ठिकाणी त्या कानात वाचून दाखवतात, पण बहुतेकदा निवेदक गाण्याचा गोषवारा देतो. मला गोषवारा बरा वाटतो, कारण दोन आवाज एकमेकांत गुंतत नाहीत. इंग्लिश नॅशनल ऑपेरा बहुतेक सगळं इंग्रजीत गाते, तेव्हा सासऱ्यांना इंग्रजी सोयीचं असेल तर तिथून सुरुवात करा. मूळ भाषेत ऐकायचं असेल तर कॉव्हेंट गार्डनचा रॉयल ऑपेरा.

खरं तर निम्मं काम पडदा वर जायच्या आधीच झालेलं असतं. प्रयोगापूर्वी नेपथ्य, पात्रं, वेशभूषा यांची ओळख करून देणारं छोटं ध्वनिमुद्रण मिळतं का ते विचारा आणि सासऱ्यांना घरीच निवांत ऐकवा. जुन्या ऑपेरांच्या संहिता इंटरनेटवर मोफत असतात, फोनवरचा स्क्रीन रीडर त्या वाचून दाखवतो. आणि टच टूर अजिबात चुकवू नका. प्रयोगाच्या आधी रंगमंचावर नेतात, प्रयोगातल्या वस्तू हातात देतात. 'तोस्का'च्या एका टूरमध्ये मी तिचा दुसऱ्या अंकातला झगा उचलून पाहिला. मागे फरफटणारा घोळ इतका जड होता की हे अंगावर घेऊन ही बाई गाते कशी, असं वाटलं. तिसऱ्या अंकात ती ज्या कठड्यावरून उडी मारते त्यावर हात ठेवला तर तो माझ्या कमरेएवढाच, आणि पलीकडे जाड गादी. त्या रात्री निवेदक "कठड्यावर चढते" एवढंच म्हणाला आणि मला ती उंची हाताला ठाऊक होती. कधीकधी गायक येऊन आपल्या आवाजात ओळख करून देतात, मग प्रयोगात कोण गातंय ते चटकन कळतं.

आता व्यवहाराचं. तिकीट वेबसाइटवरून परस्पर काढण्याआधी थिएटरच्या अ‍ॅक्सेस विभागाला, म्हणजे अपंग प्रेक्षकांची सोय पाहणाऱ्यांना, फोन करा. बऱ्याच ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं, मग सोबत्याचं तिकीट फुकट किंवा सवलतीत मिळतं. टच टूर आणि हेडसेट त्याच वेळी राखून ठेवा. हेडसेट इन्फ्रारेडचा असेल तर खांबाआडची जागा घेऊ नका आणि रिसीव्हर कोटाखाली झाकू देऊ नका, आवाज तुटतो. एकच कान झाकायचा, दुसरा सभागृहासाठी मोकळा. काचबिंदूत थोडी नजर कडेला किंवा मध्ये शिल्लक असू शकते. तसं असेल तर फोनवरच सांगा, म्हणजे सासऱ्यांना काही तरी दिसेल अशी पुढची जागा ते सुचवतील.

लंडनमध्ये तारीख जुळली नाही तर स्कॉटिश ऑपेरा, वेल्श नॅशनल ऑपेरा आणि लीड्सची ऑपेरा नॉर्थ यांच्याकडेही चौकशी करा. सासरे कुठल्या महिन्यात येणार ते कळवा, मी तेव्हाच्या तारखा बघून सांगते.