खाली गेलेला संघ विजेता कसा झाला?

प्रश्न : 2016-17च्या आय-लीगचे, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचे, विजेतेपद ऐझॉल फुटबॉल क्लबने मिळवले. परंतु आदल्याच हंगामात हा संघ खालच्या श्रेणीत गेला होता, असे वाचनात आले. मग तो लगेच वरच्या लीगमध्ये कसा काय खेळला? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या वाचनात आले ते खरे आहे. 2015-16 च्या हंगामात नऊ संघ होते आणि ऐझॉल आठव्या स्थानावर होता, म्हणजे तळाला नव्हता. तळाला होता तो पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. मात्र ज्या क्लबांना थेट प्रवेश देण्यात आला होता त्यांना सुरुवातीची काही वर्षे पदावनतीपासून अभय होते, त्यामुळे शेवटचा संघ जागच्या जागी राहिला आणि त्याच्या वरच्या संघाला खाली जावे लागले. पैसे भरून आलेल्याला संरक्षण आणि खेळून वर आलेल्याला शिक्षा, असा तो नियम होता. मिझोरममध्ये त्यावर संताप व्यक्त झाला यात नवल नाही. पुढे गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले, जागा रिकाम्या झाल्या आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ऐझॉलला परत घेतले. प्रवेश असा दुसऱ्यांच्या माघारीमुळे मिळाला असला, तरी त्यानंतरचे सगळे मैदानावर कमावलेले आहे.

दहा संघांच्या त्या लीगमध्ये प्रत्येकाला 18 सामने खेळायचे होते. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि गतविजेता बेंगळुरू यांच्यापुढे ऐझॉलचा खर्च अगदीच तुटपुंजा होता. तरीही 22 एप्रिल 2017 रोजी घरच्या मैदानावर, सामना संपत आला असताना, बचावपटू झोमिंगलियाना राल्ते याने हेडरवर गोल करून मोहन बागानला 1-0 असे हरवले, आणि शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी ठरेल अशी स्थिती आली. तो सामना 30 एप्रिलला शिलाँगमध्ये तिथल्याच लाजाँग क्लबशी होता. नवव्याच मिनिटाला दिपांडाने लाजाँगला आघाडी मिळवून दिली. तिकडे कोलकात्यात बागान चेन्नई सिटीविरुद्ध खेळत होता आणि तो सामना त्याने 2-1 असा जिंकलाही. म्हणजे ऐझॉल हरला असता तर दोघांचे गुण सारखे झाले असते. विल्यम लालनुनफेलाने 67 व्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला आणि ती बरोबरी अखेरपर्यंत टिकली. ऐझॉल 37, बागान 36. ईशान्य भारतातील एखाद्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

प्रश्न : गोव्याच्या क्लबांनी माघार का घेतली? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आपल्याला हे ठाऊकच असेल, पण इतर वाचकांसाठी सांगतो की, 2007-08 पासून 2012-13 पर्यंत आय-लीगची पहिली सहाही विजेतेपदे गोव्यातच गेली : तीन धेंपोकडे, दोन चर्चिल ब्रदर्सकडे आणि एक साळगावकरकडे. 2016 मध्ये महासंघाने जो आराखडा मांडला त्यात 2014 मध्ये सुरू झालेल्या, फ्रँचायझी संघांच्या इंडियन सुपर लीगला सर्वोच्च स्थान आणि आय-लीगला त्याखालचे स्थान देण्याचा प्रस्ताव होता. वर्षानुवर्षे खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना एका फटक्यात दुय्यम ठरवणारा हा प्रस्ताव साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब डी गोवा यांना मान्य नव्हता. धेंपोने तर त्याच वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून वर येण्याचा हक्क मिळवला होता, तोही त्याने सोडून दिला. आमच्या मते त्यांचा राग रास्त होता, परंतु माघारीने महासंघाचे काही अडले नाही. नुकसान झाले ते गोव्यातल्या मुलांचे. परवाना-निकषांमुळे पूर्वी बाहेर काढलेला चर्चिल ब्रदर्स मात्र त्या हंगामात परतला.

प्रश्न : या विजयात महाराष्ट्राचा काही वाटा होता का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : होता, आणि तो जरा बोचणारा आहे. ऐझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील यांनी त्याआधी सात वर्षे मुंबई एफसीला सांभाळले होते. तुटपुंज्या बळावर संघ लीगमध्ये टिकवून ठेवणे हीच त्यांची ख्याती होती. त्या क्लबने त्यांना दूर केले. ते ऐझॉलला गेले, तेव्हा जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीचे जुने खेळाडूही त्या संघात आले. गोलरक्षक आल्बिनो गोम्स गोव्याचा होता. जमील यांच्याविना खेळलेला मुंबई एफसी त्याच हंगामात तळाला राहिला आणि खालच्या श्रेणीत गेला. त्याला कोणतेही अभय नव्हते.