नवीन शिवलेली गोधडी गटात दाखवताना काय सांगावं, काय विचारावं?

तुम्ही लिहिलंय की पहिली गोधडी हातावेगळी झाली, आता गोधडी शिवणाऱ्यांच्या गटात ती उलगडून दाखवायची आहे. पण तिथे सगळे "छान, छान" म्हणतात आणि विषय संपतो, मग न्यायची तरी कशाला? नाशिकमध्ये आमचाही एक छोटा गट आहे. गंगापूर रोडला कुणाच्या तरी घरी जमतो आणि नवं काय शिवलं ते दाखवतो. त्यावरून सांगते.

पसरताना उलटी बाजू वर ठेवा. सुलटीकडे रंगच इतके बोलतात की शिवण कोणी बघत नाही. टाका सगळ्या थरांतून गेलाय का, खाली किती लांब पडलाय, गाठ आत गेलीय की बाहेर लोंबतेय, हे सगळं पाठीवर दिसतं. आमच्याकडे नोटप्रेसमधून निवृत्त झालेले एक काका येतात, गटातले एकुलते एक पुरुष. ते बोलत नाहीत, पाठीवरून बोट फिरवतात आणि अडकलं की तिथेच थांबतात. त्यांच्या तोंडून "छान" मी अजून ऐकलेलं नाही, तरी प्रत्येकीला आपली गोधडी आधी त्यांनाच दाखवायची असते!

"कशी झालीय?" असं मात्र विचारू नका, त्याला "छान"शिवाय दुसरं काय उत्तर देणार? नेमकं काहीतरी विचारा. मागे एकीने नऊवारीची गोधडी आणली, तिच्या मधोमध चांगला टम्म फुगा. तिने सरळच विचारलं, हा आला कुठून? मग चहा तसाच गार झाला. कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्या घेत आत शिवत गेलं, की प्रत्येक फेरीत वरचं कापड सुईपुढे थोडं थोडं सरकतं आणि तो सगळा सैलपणा शेवटी मध्यावर गोळा होतो. एक ताई म्हणाल्या, थर अंथरले की कोपऱ्यांवर वजनं ठेव, मधून कडेकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके घाल आणि मगच धावदोऱ्याला हात लाव. पंचवटीतल्या आजींना हे पटेना. "कच्चे टाके कशाला गं? पाण्याचा हबका मार, हाताने सुरकुती काढ, थर आपोआप बसतात एकमेकांवर." माझ्या मते दोघीही बरोबर आहेत, फरक कापडाचा आहे. वापरून मऊ झालेलं सुती पातळ पाणी पितं आणि बसतं. पॉलिएस्टरची साडी पाणी धरतच नाही, तिला कच्चे टाकेच हवेत. (खरं तर पॉलिएस्टर गोधडीत नकोच. घसरते, घाम शोषत नाही.)

म्हणून कापडाची माहिती तुम्हीच आधी सांगून टाका: कोणती साडी, किती जुनी, आत काय आणि किती थर. नऊवारी साधारण आठ मीटर भरते. दोन-दोन मीटरच्या घड्या घातल्या की एका साडीत एका माणसाच्या पांघरुणाचे चार थर निघतात. निफाडकडच्या थंडीला तेवढे पुरणार नाहीत, पण नाशिक शहरात चालून जातं. नवं कोरं कापड मध्ये घातलं असेल तर ते आधी धुतलं होतं का, हे कोणीतरी विचारणारच. न धुतलेलं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि शेजारचे तुकडे चुणतात.

आजीची येवल्याची पैठणी गोधडीत घालावी का, हा वाद आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी उफाळतो. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम त्या घडीवरच विरतं, आणि जरीचा काठ अंगाला टोचतो. माझं मत, पांघरायच्या गोधडीत पैठणी नको. अगदीच हवी असेल तर विरलेल्या भागाला मागून मलमल लावा आणि ती गोधडी भिंतीवर टांगा.

टाके वाकडे आहेत म्हणून लाजत असाल, तर ते सोडून द्या. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या. त्यांतल्या कितीतरी गोधड्यांत पट्ट्या बिनधास्त तिरक्या गेल्यात. वाकडा टाका पांघरणाऱ्याला टोचत नाही. सुटलेला टाका मात्र धुताना पुढचे चार घेऊन उसवतो, तेव्हा तुमच्या गटाला तेवढे सुटलेले टाके शोधून द्यायला सांगा.

आणि पुढची गोधडी अर्धी झाली की अर्धीच न्या. कडा बंद झाल्यावर मिळालेला सल्ला त्या गोधडीच्या काय कामाचा?