ओपन सोर्स प्रकल्पात नव्या सुविधेची चाचणी स्वयंसेवकांकडून कशी करून घ्यावी?

तुमच्या एडिटरमध्ये मराठी मजकूर शोधून बदलण्याची नवी सोय तयार आहे. गटावर साठेक जणांनी “नक्की बघतो” म्हटलं आणि पंधरा दिवसांत हाती आली फक्त तिघांची “मस्त चाललंय” एवढी दाद. लोकांना आस्थाच नाही का, असं तुम्ही विचारलंय. आस्था आहे हो. नेमकं काय करायचं ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही, घोडं तिथे अडलंय.

मुक्त सॉफ्टवेअरमधल्या मराठीच्या चाचण्या मी काही वर्षं जमवते आहे. “वापरून बघा आणि कळवा” हा निरोप मीही पाठवलेला आहे. माणूस रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडतो, चार ओळी टाइप करतो, सगळं ठीक दिसतं, बंद करतो. चूक कुठे लपलेली असू शकते हे त्याला ठाऊकच नसतं, मग सापडणार कशी?

तुमच्याच सुविधेचं उदाहरण घेते. “दुसऱ्या” या शब्दातला “ऱ्या” संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि मग या. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि मग या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण शोधणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकांना मी एवढंच काम दिलं होतं: तुमच्या जुन्या फायलीत “दुसऱ्या” किती वेळा आलाय ते पेन्सिलीने मोजा, मग शोधा, आणि दोन्ही आकडे कळवा. त्यांनी कळवलं, “कागदावर ११, संगणकाला सापडले ७.” सोबत न सापडलेल्या चार ओळी कॉपी करून दिल्या होत्या. युनिकोड (संगणकात अक्षरांना क्रमांक देऊन साठवण्याची पद्धत) हा शब्दही त्या वापरत नाहीत, पण इतका नेमका रिपोर्ट मला आजवर कुणा प्रोग्रामरने दिलेला नाही. वीस मिनिटांचं काम, आणि डेव्हलपरला कारण शोधायला त्या चार ओळी पुरल्या.

म्हणून एका माणसाला एकच काम द्या, वीस मिनिटांत संपणारं. फेडोरा या लिनक्स प्रणालीचे “टेस्ट डे”, म्हणजे स्वयंसेवकांचे चाचणी-दिवस, बघा. एक विषय ठरवतात, त्याला एक दिवस किंवा एक आठवडा देतात, आणि प्रत्येक चाचणीखाली पायऱ्या आणि अपेक्षित निकाल लिहून ठेवतात. अपेक्षित निकाल लिहायला बहुतेक जण विसरतात, आणि मराठीत तर तो चित्रासकट द्यावा लागतो. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीतल्याहून वेगळे. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत, त्यात मजकुराची भाषा मराठी निवडली असेल तरच मराठी वळण उमटतं. भाषा निवडण्याची पायरी कागदावर नसेल तर एक जण “बरोबर” म्हणेल, दुसरा “चूक”, आणि दोघंही खरंच सांगत असतील.

फेडोराकडून आणखी एक गोष्ट उचला: चाचणी पास झाली तरी ती निकालाच्या तक्त्यात नोंदवायची. नाहीतर गप्प बसलेल्याचं सगळं नीट चाललं की त्याने उघडूनच पाहिलं नाही, हे कधीच कळत नाही.

इन्स्टॉल करायला लोक बिचकतात, आणि ती भीती रास्त आहे. ज्या संगणकावर मुलांचे दाखले आणि ऑफिसच्या फायली आहेत, त्यावर अर्धवट शिजलेलं सॉफ्टवेअर कोण घालेल? लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरच्या अल्फा-बीटा, म्हणजे चाचणीसाठीच्या कच्च्या, आवृत्त्या “लिबरऑफिसडेव्ह” या वेगळ्या नावाने नेहमीच्या आवृत्तीशेजारी बसतात, जुन्याला धक्का लागत नाही. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसची “प्लेग्राउंड” ही चाचणीची जागा तर ब्राउझरमध्येच चालते, काही बसवावंच लागत नाही. तुम्हालाही असं काही करता आलं तर आधी ते करा, बाकीचं नंतर.

वेळ ठरवा. शनिवारी संध्याकाळी पाच ते सात, आणि ते दोन तास तुम्ही स्वतः चॅटवर हजर. इन्स्टॉल करताना अडकलेल्या माणसाला दहा मिनिटांत उत्तर मिळालं नाही तर तो उठून जातो, परत येत नाही. सुविधा गोठवण्याआधी, म्हणजे तिच्यात आणखी बदल करणं थांबवण्याआधी, चाचणी घ्या, म्हणजे सुचवलेला बदल करायला वाव असतो.

सगळ्यात जास्त कष्ट मात्र रिपोर्ट आल्यानंतरचे. मी एका प्रकल्पासाठी बारा जण जमवले होते. त्यांनी मनापासून लिहिलेले रिपोर्ट आठ महिने तसेच पडून राहिले, “मिळाला” एवढंही कोणी लिहिलं नाही. पुढच्या वेळी बारांपैकी एक आला. मला ते अजून लागतं, कारण त्या लोकांना बोलावलं मी होतं. तेव्हापासून माझा नियम आहे: प्रत्येक रिपोर्टला एका दिवसात उत्तर, भले ते “उद्या बघते” एवढंच असो. दुरुस्ती झाली की ज्याने चूक दाखवली त्यालाच नवी बिल्ड (दुरुस्त केलेली आवृत्ती) पाठवून “आता बघा” म्हणायचं.

हा भार एकट्याने उचलू नका. लिबरऑफिसच्या बगझिलात, म्हणजे चुका नोंदवायच्या वेबसाइटवर, नवा रिपोर्ट “अनकन्फर्म्ड” असतो. दुसऱ्या कोणाला तीच चूक आपल्या संगणकावर दिसली की तो “न्यू” होतो. ही पडताळणी नवख्या माणसाला सहज जमते. तुमच्या साठांपैकी निम्म्यांना हेच काम द्या.

या शनिवारी फक्त पाच जण घ्या आणि तीन कामं. एक, वर सांगितलेला “ऱ्या”. दोन, “ॲ”: हे एकच अक्षर म्हणूनही साठवता येतं आणि अ वर चंद्र देऊनही, तेव्हा “ॲप” शोधल्यावर दोन्ही सापडतात का. तीन, ५ शोधल्यावर इंग्रजी आकड्यातला पाचही सापडावा की नाही. हे तिसरं तुम्ही स्वतः आधी ठरवा, कारण अपेक्षित निकाल लिहायचा तुम्हालाच आहे. तिन्ही प्रकारचे शब्द मुद्दाम पेरलेली एक पानभर फाइल बनवा, कोणता शब्द किती वेळा आहे ते वर लिहा. फाइल तयार झाली की इथेच टाका, पहिली चाचणी मी करते.