बाटलीतला आकडा तलावात का चालत नाही?

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एका कीटकनाशकाचा हिशोब मांडलाय. टेस्ट रिपोर्टमध्ये लिहिलंय की २५ अंशाला बाटलीतल्या पाण्यात जिवाणूंमुळे त्याचं अर्धायुष्य १० दिवस, म्हणून मी तलावात ३० दिवसांनी आठवा हिस्सा उरेल असं धरलं. सर म्हणाले चुकलंय, पण का ते सांगितलंच नाही. गणित तर बरोबर आहे ना?

उत्तर: गणित बरोबरच आहे हो, गडबड आहे ती ‘धरलं’ या शब्दात. अर्धायुष्य, म्हणजे केमिकल निम्मं उरायला लागणारा वेळ, हा एकट्या केमिकलचा गुण नसतो, ते पाणी, त्यातले जिवाणू आणि केमिकल या तिघांचं मिळून ठरतं, आणि तुम्ही बाटलीतल्या तिघांचा आकडा उचलून थेट तलावाला चिकटवलात.

आधी तापमान बघा. ढोबळ नियम असा की १० अंश कमी झाले की जिवाणूंचा केमिकल तोडायचा वेग साधारण निम्मा होतो. तुमचा तलाव ५ अंशावर असेल तर वेग पाव, म्हणजे अर्धायुष्य १० चं ४० दिवस, आणि ३० दिवसांनी आठवा हिस्सा नाही तर जवळपास ६० टक्के माल तसाच शिल्लक! पण हा नियमही डोळे झाकून लावू नका. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनची तेलविहीर फुटली तेव्हा साधारण १,१०० मीटर खोल, ५ अंशाच्या पाण्यात थंडीला सरावलेले तेलखाऊ जिवाणू भराभर वाढले, कारण ते मुळात तिथलेच रहिवासी होते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. जिवाणूंची एन्झाइम्स, म्हणजे केमिकल तोडणारी त्यांची प्रथिनं, या तिकीट खिडक्या समजा. रांग छोटी असेल तर जेवढे येतील तेवढे निघतात, तेव्हाच तुमचं अर्धायुष्याचं सूत्र चालतं, पण खिडक्या चार आणि रांग चारशेंची झाली की वेग वाढायचा थांबतो. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांचं १९४० च्या दशकातलं समीकरण आधी वाढून मग थांबणाऱ्या वेगाचा हाच आकार पकडतं, फक्त जिवाणूंच्या वाढीसाठी. त्यात केमिकल स्वतःच जिवाणूंना विषारी असेल तर जास्त प्रमाणात वेग उलटा घसरतो, आणि सुरुवातीचे काही दिवस तर काहीच होत नाही कारण ते खाऊ शकणारे जिवाणू आधी वाढावे लागतात.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. गायब होणं म्हणजे संपणं नव्हे. केमिकल गाळाला चिकटतं, हवेत उडतं, प्रवाहाबरोबर पुढे जातं, आणि गाळाला घट्ट चिकटलेलं जिवाणूंच्या हाती सहजी लागत नाही, म्हणून मॉडेलमध्ये या सगळ्यांचे वेगळे रकाने ठेवावे लागतात. कधी तुटून वाईटच निघतं: ड्राय-क्लीनिंगमधलं द्रावक टेट्राक्लोरोइथिलीन ऑक्सिजन असताना जवळजवळ तुटत नाही, ऑक्सिजन नसलेल्या गाळात त्याचे क्लोरीन एकेक करून निघतात, आणि वाटेत व्हिनिल क्लोराइड तयार होतं जे माणसात कॅन्सर करतं. फक्त मूळ केमिकल मोजणारा माणूस इथे खुश होईल. म्हणून अशा ठिकाणी एक समीकरण पुरत नाही, साखळीतल्या प्रत्येक पदार्थाला एकेक लागतं.

तुमच्या प्रोजेक्टला एवढं सगळं नको. वेग = स्थिरांक × जिवाणूंची संख्या × केमिकलचं प्रमाण एवढंच घ्या, तापमानाची दुरुस्ती लावा, आणि एका उत्तराऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पट्टा द्या.

प्रश्न: मग बाहेरून तयार जिवाणू आणून सोडले की काम झालं ना?

उत्तर: बहुतेक वेळा नाही. सोडलेले जिवाणू तिथल्या स्पर्धेत टिकत नाहीत किंवा दुसऱ्या सूक्ष्मजीवांच्या पोटात जातात. तेलासारख्या प्रदूषणात तर तुटवडा बरेचदा नायट्रोजन-फॉस्फरसचा असतो, म्हणून १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डीझ तेलगळतीनंतर अलास्काच्या किनाऱ्यावर खत टाकलं होतं, जिवाणू तिथलेच वापरले.