चित्रासमोर काहीच वाटले नाही, तर?
संग्रहालयात गेल्यावर इतरांसारखे भारावून जाता येत नाही, ही आपली खंत मला समजते. परंतु भावना उमटण्यासाठी आपण चित्राला पुरेसा वेळ देतो का, हे आधी तपासावे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्रेक्षकांच्या निरीक्षणावर आधारलेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका कलाकृतीसमोर थांबण्याचा सरासरी वेळ सुमारे २७ सेकंद आढळला, आणि त्यातलाही काही भाग शेजारची पाटी वाचण्यात जातो. म्हणून एका भेटीत तीन-चारच कलाकृती निवडाव्यात, पाटी शेवटी वाचावी आणि छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा.

अंतराचाही विचार करावा. पिकासोचे युद्धाच्या विध्वंसावरील ‘गेर्निका’ हे चित्र जवळजवळ पावणेआठ मीटर रुंद असल्याने मोबाइलच्या पडद्यावर त्याचा विषय समजला, तरी त्याचा दाब जाणवत नाही. उलट अमेरिकी अमूर्त चित्रकार मार्क रॉथ्को यांना आपली मोठी रंगचित्रे प्रेक्षकाने अगदी जवळून पाहावीत असे वाटे, आणि तसे पाहताना कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आल्याचे सांगितले जाते. आपल्या डोळ्यांत ते येईलच असे नाही. कंटाळा, अस्वस्थता, क्वचित रागसुद्धा हा खराच प्रतिसाद असतो आणि तो चित्रातील नेमक्या कोणत्या भागामुळे उमटला, हे शोधणे उसन्या कौतुकापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते. उलटपक्षी, फार पाहून गरगरल्यासारखे झाले, तर सरळ बाकावर बसावे. फ्लॉरेन्समध्ये १८१७ साली फ्रेंच लेखक स्तांदालने आपली अशीच अवस्था नोंदवली होती, आणि पुढे तिला त्याचेच नाव मिळाले.