लंगोटाच्या जागचं पुरळ जातच नाही, आणि घरात बोलणी मात्र मलाच

पत्र: "मावशी, माझी मुलगी चार महिन्यांची आहे. मागे तिला जुलाब लागले होते, डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं पातळ औषध दिलं, जुलाब थांबले पण तेव्हापासून लंगोटाच्या जागी लालभडक झालंय, जांघेच्या घडीत तर जास्तच, आणि आजूबाजूला बारीक बारीक पुटकुळ्या. यांनी मेडिकलमधून एक ट्यूब आणली, ती लावली की तीन-चार दिवसांत साफ होतं आणि बंद केली की पुन्हा येतं, आता तर आधीपेक्षा वाईट आहे. सासूबाई म्हणतात डायपरनं झालं, 'आमी पाच लेकरं वाढवले, कोनाले असं नाई झालं, तुयं ध्यान कुठी असते?' नणंद म्हणते मी आंबट खाते म्हणून. मी दुपारी निंदणाला जाते तेव्हा बाळ सासूबाईंजवळ असतं, तेव्हा त्या गाईचं दूध पाजतात. लंगोट मी दोनदा धुते, तरी हे असं. १४ आठवड्यांची लसही मी पुढे ढकललीय, अंगावर पुरळ असताना कसं नेऊ. माझंच चुकतंय का?" (दर्यापूर तालुक्यातून एक आई)

अगं बाई, सगळ्यात आधी ती ट्यूब हातात घे आणि तिच्यावर बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते वाच, तुला नाही जमलं तर शाळेतल्या एखाद्या पोराकडून वाचून घे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यातलं कुठलंही नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. आपल्याकडे मेडिकलवाल्याला "लाल झालंय, खाजतंय" एवढं सांगितलं की बहुतेक वेळा असलीच मिक्स ट्यूब हातात पडते, एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड पण, बुरशीचं औषध पण, अँटिबायोटिक पण. तू लिहिलंयस ना, लावली की तीन-चार दिवसांत साफ आणि बंद केली की पुन्हा, ते वाचूनच मला याचा संशय आला. स्टिरॉइड लाली दाबतं म्हणून वाटतं बरं झालं, पण खाली बुरशी असेल तर ती मरत नाही, उलट त्या जागची ताकद कमी झाली की ती अजून पसरते. आणि लंगोटाची जागा तर बंद असते, वरून डायपर किंवा लंगोट आवळलेला, म्हणून तिथं लावलेलं औषध अंगात जास्त शोषलं जातं, बाळाची कातडी आधीच पातळ, ती अजून पातळ होते, आणि खूप दिवस लावलं तर आतल्या हार्मोनवर सुद्धा परिणाम होतो. २०१८ साली सरकारने अशा अंगाला लावायच्या १४ स्टिरॉइड औषधांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली ती काही उगाच नाही, तरी गावोगावी मिळतंच. तुझ्या नवऱ्याचा यात दोष नाही, त्याने लेकराचं दुखणं पाहून धावपळ केली, पण आता ती ट्यूब बाळाला लावू नका आणि फेकूनही देऊ नका, ती डॉक्टरांना दाखवायची आहे.

आता हे नेमकं काय असेल ते सांगते म्हणजे तुला घरात बोलता येईल. लंगोटाच्या जागी नेहमीचं जे पुरळ येतं ते ओलीनं आणि घासल्यानं येतं. कातडी तासन् तास ओली राहिली की फुगते, शीमधले जे रस अन्न पचवतात तेच मग त्या ओल्या कातडीला झोंबतात, आणि शी-शू एकत्र झाली की त्यांचा जोर अजून वाढतो. हे पुरळ जास्त करून उंचवट्यावर येतं, ढुंगणावर, मांडीवर, आणि घडीच्या आतली जागा त्यातून बऱ्यापैकी सुटते कारण तिथं लंगोट घासत नाही. तुझ्या लेकीचं उलटं आहे. घडीतच जास्त लाल, कडेने बारीक पुटकुळ्या सुट्या सुट्या पसरलेल्या, आणि सुरुवात जुलाब आणि अँटिबायोटिकनंतरची. ही सगळी लक्षणं बुरशीकडे बोट दाखवतात, कॅन्डिडा म्हणतात तिला, ती आपल्या सगळ्यांच्या पोटात थोडी असतेच, अँटिबायोटिकने तिला आवरणारे चांगले जंतू मेले की ती माजते. म्हणजे हे तुझ्या आंबट खाण्याने नाही झालं बाई. नणंदेला सांग, चिंच आणि दही खाऊन दुधातून लेकराच्या जांघेत बुरशी येत नाही, आणि बाळंतिणीच्या ताटातलं काढून घेतल्याने बाळ बरं होत नाही, नुसती आई अशक्त होते. मला या गोष्टीचा फार राग येतो, लेकराला काही झालं की पहिलं आईचं ताट आणि मग आईचं ध्यान मोजायला घेतात.

तरी हे मी पत्रावरून सांगतेय, पाहिलेलं नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवणं आलंच. त्या आधी उजेडात बाळाचं तोंड उघडून बघ, जिभेवर किंवा गालाच्या आतून पांढरं दह्यासारखं काही आहे का, जे पुसलं तरी निघत नाही. आणि तुझी स्तनाग्रं दुखतात का, जळजळतात का, तेही बघ. तसं असेल तर बुरशी तोंडातही आहे आणि मग औषध तुला आणि तिला दोघींना एकदम घ्यावं लागतं, नाहीतर तिच्याकडून तुला आणि तुझ्याकडून तिला असं चालूच राहतं. हे डॉक्टरांना आपणहून सांग, सांगायला लाजू नकोस.

डॉक्टर बुरशी आहे म्हणाले तर साधारणपणे क्लोट्रिमॅझोलसारखं साधं क्रीम देतात, ज्यात स्टिरॉइड नसतं. तेच हवंय असं तोंडाने विचार, "यात स्टिरॉइड तर नाही ना?" एवढं विचारायचा तुला हक्क आहे. ते पातळ थर लावायचं, सांगतील तितक्या वेळा, आणि इथे बहुतेक जणी फसतात, लाली गेली की दुसऱ्याच दिवशी बंद करतात. दिसायला साफ झालं तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे कर. औषध लावून जरा मुरू दे, मग त्याच्यावर झिंक ऑक्साइडचं घट्ट क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली जाडसर थापायची, कवेलूच्या घरावर पावसाआधी ताडपत्री टाकतो तशी, म्हणजे शी-शू कातडीपर्यंत पोचणारच नाही. आणि पुढच्या वेळी लंगोट बदलताना ते सगळं खरडून काढू नकोस, वरचं घाण झालेलं तेवढं पुसून पुन्हा वरून थाप. खसाखसा घासून पुरळ बरं होत नाही, कातडी सोलली जाते आणि लेकरू रडून रडून हैराण होतं.

धुताना साधं कोमट पाणी आणि मऊ सुती कापड पुरे आहे, दर वेळी साबण नको, अँटिसेप्टिकचे थेंब तर अजिबात नको. मग टिपून घ्यायचं आणि दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवायचं, खाली दुपटं टाकून, दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. शू केली तर करू दे, दुपटं धुता येतं. पावडर लावू नका, ती नाका-तोंडात जाते आणि घडीत तिचे गोळे होऊन अजून घासतं. हळद, राख, बिब्बा, डाळीचं पीठ यातलं काही त्या सोललेल्या जागी लावायचं नाही, बिब्ब्याने तर चांगली कातडीसुद्धा भाजते.

आता डायपरचं भांडण. तुझ्या सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत आणि तू पण. चांगलं डायपर ओल आत ओढून घेतं, त्यामुळे कातडी ओल्या लंगोटापेक्षा कोरडीच राहते, म्हणजे डायपर हा दुश्मन नाही. पण ते महाग असतं म्हणून आपण रात्री आठला लावलं की सकाळी सहालाच काढतो, आणि मधे शी झाली तरी अंधारात कळत नाही, तिथं सगळं बिघडतं. पुरळ आहे तोवर तरी दर दोन-तीन तासांनी बघायचं आणि शी झाली की लगेच बदलायचं, रात्री दूध पाजायला उठतेस तेव्हा एकदा हात लावून बघ. दिवसा सुती लंगोट आणि उघडं, रात्री डायपर, अशी वाटणी खर्चालाही परवडते. लंगोटावरून मेणकापड किंवा प्लॅस्टिकची चड्डी मात्र घालू नका, त्यात हवा जात नाही.

आणि तुमच्याकडचं पाणी. दर्यापूरचा भाग खारपाणपट्ट्यातला, पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीतलं पाणी खारं, त्यात साबणाला फेस येत नाही म्हणून आपण अजून साबण चोळतो आणि मग तो कपड्यातून निघत नाही, लंगोट वाळला की पापडासारखा कडक होतो. तू दोनदा धुतेस म्हणालीस, मेहनत पूर्ण आहे तुझी, पण पाण्यानं घात केला असेल. लंगोटाला साबण कमी लाव, आणि शेवटचं खळबळणं नळाच्या गोड पाण्यात कर, आता पाऊस आहे तर पन्हाळीखाली स्वच्छ धुतलेली टाकी ठेवून ते पाणी लंगोटांसाठी बाजूला ठेव, पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून द्यायचं. निळ, सुगंधी लिक्विड काही नको. ऊन पडेल तेव्हा कडक उन्हात वाळव, झडीच्या दिवसात वाळत नसेल तर घरात पंख्याखाली वाळवून वरून इस्त्री फिरव, पण दमट लंगोट कधीच बांधू नका, हे सासूबाईंनाही सांगायचं.

गाईच्या दुधाचं थोडं अवघड आहे, मला कळतं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत नुसतं अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे आशाताईने सांगितलं असेलच. गाईचं दूध या वयात पोटाला जड, जुलाबाचं कारण होऊ शकतं, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीपेक्षा वरच्या दुधाची शी कातडीला जास्त झोंबते. निंदणाची मजुरी सोड असं मी कसं सांगू, घर चालतं त्याच्यावर. पण जायच्या आधी पोटभर पाज, आणि स्वच्छ हाताने काढलेलं तुझंच दूध उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत झाकून ठेव, घरातल्या साध्या हवेत ते चार तास चालतं, उकाडा फार असेल तर त्याच्या आतच संपवायचं, चमच्याने किंवा वाटीने पाजायचं, बाटली नको. शेत जवळ असेल तर दुपारी सासूबाईंनी बाळ बांधावर आणलं तरी होतं, आपल्या आया-आज्या तेच करत आल्या.

सासूबाईंशी भांडू नको म्हणजे ऐकून घे असं नाही. त्या दुपारभर लेकराला सांभाळतात, म्हणजे निम्मा इलाज त्यांच्या हातात आहे. डॉक्टरकडे त्यांनाच सोबत घेऊन जा, आणि "बाई, दुपारचं कसं करायचं ते तुम्हीच विचारून घ्या" असं म्हण. सुनेनं सांगितलेलं खटकतं पण डॉक्टरने त्यांच्या तोंडावर सांगितलेलं त्या घरी येऊन शेजारणीला पण सांगतील. आणि "ध्यान कुठी असते" याला नवऱ्याने उत्तर द्यायचं, तू नाही. त्याला हे पत्र दाखव.

थांबू नये अशी लक्षणं पण लिहून ठेव: ताप, पाण्याचे फोड, पू किंवा पिवळी खपली, रक्त येणं, लाली पोटापर्यंत चढणं, बाळ दूध ओढत नाही किंवा मलूल पडलंय. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. आणि तोंडाभोवती, हाता-पायाच्या बोटांवर पण तसंच पुरळ, सोबत जुलाब आणि केस गळणं असेल तर झिंकच्या कमतरतेचा आजार असू शकतो, तो वेगळा, त्याला मोठ्या दवाखान्यात बालरोगतज्ज्ञच हवेत. एरवी बुरशीचं औषध सुरू करून आठवडाभरात फरक नाही पडला तर पुन्हा दाखवायचं, पुन्हा मेडिकल नाही.

आणि लस. लंगोटाच्या पुरळाने लस थांबत नाही. सुया मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला आणि दंडावर देतात, जिथं कातडी साफ आहे तिथं, उरलेले थेंब तोंडातून. उशीर झाला तरी आधीचे डोस वाया जात नाहीत, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. येत्या लसीकरणाच्या दिवसाची वाट न बघता आशाताईला आजच विचार प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर कोणत्या वेळेत असतात, लस त्याच फेरीत मिळेल का, आणि जाताना पिशवीत तीन गोष्टी घे: लसीचं कार्ड, ती ट्यूब, आणि जुलाबाच्या वेळचं औषध किंवा त्याची चिठ्ठी.