तुझ्या बोकडाच्या वहीसाठी

प्रिय सई,

फोर-एचच्या (मुलांना जनावर वाढवायला शिकवणाऱ्या तुझ्या अमेरिकन मंडळाच्या) वहीतलं शेवटचं पान, ‘या प्राण्याने मला काय शिकवलं’, अडलंय म्हणालीस. आणि मग विचारलंस, “आई, कोकणात तुम्ही लहानपणापासून गुरं सांभाळायचात. मुलं जबाबदार व्हावीत म्हणून मराठी लोक गुरं पाळतात का?”

नाही गं. पोरांना वळण लागावं म्हणून आमच्या वाडीत कुणी गाय बांधली नाही. नांगराला बैल हवेत, भाताला शेणखत हवं, चहाला दूध हवं, म्हणून गुरं. आणि माणसं पुरत नाहीत, म्हणून पोरं गोठ्यात. तुझ्या बोकडाला एखाद्या दिवशी तू पाणी दिलं नाहीस तर बाबा देतात. आमच्याकडे आपलं काम करायला दुसरं कुणी मोकळंच नसायचं.

माझं काम धारेच्या वेळी वासरू धरायचं. आजी आधी त्याला आईला लावायची. ते ढुशा देत लुचायला लागलं की गाय पान्हा सोडते. मग त्याला ओढून बाजूला घ्यायचं आणि धार होईपर्यंत कवेत धरून उभं राहायचं. तोंडाचा फेस माझ्या फ्रॉकला, खूर माझ्या पायावर, आणि सगळा जोर आईकडे. आपण याच्या तोंडचं काढून घेतोय, हे सांगायला कुणी लागत नसे. आमची गाय गावठी, बुटकी, तांबडी. (अशा गाईंना आता ‘कोकण कपिला’ म्हणून देशी जातींत मान मिळालाय, तेव्हा ती नुसती तांबू होती.) दूध ते केवढं! तरी आजी दोनच सड पिळायची, दोन वासराचे. दारात पाहुणे आले तरी तिसऱ्या सडाला हात नाही, चहा कोरा. गाय व्यायली की आमचे डोळे खरवसावर. पण चीक पहिला वासराच्या पोटात. त्याची रोगाशी झुंजायची ताकद त्या चिकातूनच येते आणि ती पहिल्या दिवसातच अंगी लागते, उशीर चालत नाही. वासरू पोटभर प्यायल्यावर उरेल त्याचा खरवस. कधी वाटीभर, कधी नुसताच वास.

पावसाळ्यात गुरं सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, न्यायची. वाट लोकांच्या खाचरांच्या बांधावरून, आणि दोन्हीकडे हिरवंगार भात. गाय भातात शिरली तर दोष गाईचा नाही, राखणाऱ्याचा. फार झालं तर कोंडवाडा. १८७१ सालच्या कायद्यातलं ते प्रकरण; दंड भरल्याशिवाय जनावर सुटायचं नाही. दंडाचं काय, आबा भरतील. पण ज्याचं भात खाल्लं त्याच्या खळ्यात जाऊन मान खाली घालून ऐकून घ्यायलाही आबाच जायचे, म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून राखायचो.

जनावरं माणसाला घडवतात असं कुणी फार गोड बोलायला लागलं की मला मात्र चीड येते. गुरांमागे गेलेल्या काही पोरांची शाळा सुटली ती सुटलीच. आणि बैलाला पराणी टोचून हसणारेही आमच्यातच होते.

बोकड लिलावात विकायचा, त्याचं तुला आत्तापासूनच रडू येतंय. येऊ दे. आमच्या घरी कोंबड्या होत्या. संध्याकाळी पिल्लं डालग्याखाली झाकायची, दिवसा घारीवर लक्ष ठेवायचं, ही कामं तुझ्या मामाची. आणि त्यानेच वाढवलेला कोंबडा एक दिवस राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, जायचा. त्या रात्री मामा कोंबड्याचा रस्सा सोडून वडे नारळाच्या रसाबरोबर खायचा. कुणी आग्रह केला नाही, कुणी समजूतही घातली नाही. तू बोकडाला नाव दिलंस ते बरंच केलंस.

वहीत ‘जबाबदारी’ हा शब्द नसला तरी चालेल. वजन वाढेना तेव्हा तू खुराक रोज मोजून लिहीत होतीस, खूर कापताना लाथ खाल्लीस आणि तरी उरलेले तीन पुरे केलेस, ते लिही.

दिवाळीला गावी जाऊच. पोळा देशावरचा, आमच्याकडे गुरांचा मान पाडव्याला, आधी त्यांना घास, मग घरात पानं. नांगरणीला आता पॉवर टिलर आलाय, आजीच्या गोठ्यात एकच गाय आहे. धार काढायला शिकवीन म्हणालीय. नखं कापून ये, परक्या हाताला ती लाथ मारते.

तुझी,
आई